छतातला देव

माझ्या बाबांना कशावरही बोटाची पेरं आपटून बघायची खोड होती. बाजारातलं कलिंगड असो, नवा माठ असो, शेजाऱ्यानं बांधलेली भिंत असो, बाबा मूठ वळायचे, टक् टक् करायचे आणि मान वाकडी करून ऐकायचे. मला बघायला आलेल्या एका मुलाच्या घरी आम्ही परतभेटीला गेलो, तर तिथेही चहा पिता पिता त्यांनी पाठीमागच्या भिंतीवर टकटक केली. बाहेर पडल्यावर रस्त्यात म्हणाले, "भिंत पोकळ हाय व. नको हे घर." आणि स्थळ नाकारलं की हो खरंच! आई आठवडाभर त्यांच्याशी धड बोलली नाही. मला मात्र हसू आवरेना, कारण मुलगा मलाही पसंत नव्हता.

ही खोड पोटापाण्याची होती. बाबा बल्लारपूरकडच्या एका जुन्या अंडरग्राउंड कोळसा खाणीत ड्रेसर होते. खाली सुरुंग उडाला, कोळसा सुटला, की सगळ्यांच्या आधी लांब लोखंडी रॉड घेऊन जो पुढे जातो तो ड्रेसर. त्यानं वरचं छत ठोकायचं. टणक वाजलं तर ठीक. बद्द वाजलं तर तो दगड सुटलेला, त्याला रॉडनं खाली ओढून पाडायचं, नाहीतर खाली लाकडी थाम, म्हणजे टेकूचे खांब, उभे करायचे. मग बाकीच्या गँगनं आत यायचं.

"छत बोलते," बाबा म्हणायचे. "पडाच्या आंधी सांगते ते. थाम करकरते, बारीक खडे गयते. ज्याले ऐकू येते तो वाचते."

हे वाक्य ऐकतच मी मोठी झाले. त्यामुळे इतर खाण कामगारांच्या पोरी जशा भोंगा वाजला की दचकायच्या, तशी मी कधी दचकले नाही. माझ्या बाबांचे कान शाबूत होते ना!

त्या खाणीत एक देव होता. जुन्या मोठ्या गल्लीच्या, म्हणजे बोगद्याच्या, वळणावर, जिथे हवा चांगली खेळायची, तिथे छतात एक गोल होता. बैलगाडीच्या चाकापेक्षा थोडा लहान, आणि जणू कोणी मोजून आखल्यासारखा गोल. कडेनं काळी चकचकीत रेघ. बाबा नोकरीला लागले त्याच्याही आधी कोणीतरी त्याला शेंदूर फासला होता, आणि मग दर शनिवारी फासतच राहिले. खाली आगकाडी न्यायला बंदी, म्हणून दिवा नाही, उदबत्ती नाही. फुलं, नारळ आणि शेंदूर, बस्स. सगळी गँग डबा खायला त्याच्याच खाली बसायची. बल्लारपूरचे एक मुसलमान चाचा पाणी उपसायच्या पंपावर होते, तेही सलाम करून तिथेच बसायचे. आणि बसताना सगळे बूट काढायचे, आणि डोक्यावरचं हेल्मेटही.

"देवासमोर डोकं झाकून बसते का कोणी?" बाबा विचारायचे. "अख्ख्या खाणीत त्याच्यासारखी सेफ जागा नाई."

मीही लहानपणी त्या देवाला घरूनच हात जोडायचे. परीक्षेच्या दिवशी बाबांबरोबर माझा वेगळा नारळ जायचा. पुढे चंद्रपूरच्या कॉलेजात मी भूगर्भशास्त्र घेतलं, तेव्हा सगळ्यात जास्त खूश बाबाच झाले. "मायी पोरगी दगड शिकून राह्यली," असं ते पानठेल्यावर सांगत सुटले. बाबांना वाटलं मी त्यांचंच काम शिकते आहे, फक्त खुर्चीवर बसून.

दुसऱ्या वर्षी आमचे सर आम्हाला इरई नदीच्या पात्रात घेऊन गेले. तिथे मातीच्या जुन्या घट्ट थरात लहानमोठे, कुठले कुठले दगड एकत्र रुतून बसलेले होते. सर म्हणाले, हे नदीनं आणलेले नाहीत, बर्फानं आणलेत. मे महिन्यात जिथे चप्पल डांबराला चिकटते त्या चंद्रपुरात बर्फ! आम्ही सगळे खो खो हसलो. सर हसले नाहीत. या जमिनीवर एकेकाळी बर्फाची जाड चादर होती, ती वितळली, मग दलदल आली, दलदलीत जंगल उभं राहिलं, बुडालं, वाळू आली, पुन्हा जंगल उभं राहिलं, पुन्हा बुडालं. तोच आपला कोळसा. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना थोडी कलते, थोडी डुलते, तिचं ऊन कमीजास्त होतं, आणि समुद्र, बर्फ, जंगल पुढे-मागे सरकत राहतं. असं त्यांनी सांगितलं. मला ते फार आवडलं. सगळं जातं आणि सगळं परत येतं, असं काहीतरी मी त्यातून घेतलं. वयच तसं होतं.

मग वर्गात एक दिवस सरांनी फळ्यावर चित्र काढलं. कोळशाचा थर, त्यावर दगडाचं छत, आणि छतात उभं एक झाडाचं खोड. सर म्हणाले, कधीकधी दलदलीतलं झाड उभ्या उभ्याच वाळूत गाडलं जातं. आतलं लाकूड कुजून जातं, तिथे वाळू भरते, वाळूचा दगड होतो. सालीचा मात्र कोळसा होतो, पातळ आणि गुळगुळीत. खालचा कोळसा माणसं काढून नेतात आणि ते खोड वरून लटकत राहतं. बुंधा खाली रुंद आणि वर निमुळता, त्याला धरून ठेवणारं काही नाही. खालून बघाल तर एक गोल दिसेल, कडेला काळी चकचकीत रेघ.

"कुल्फी साच्यातून सुटते ना," सर म्हणाले, "तसं सुटतं."

 पुढचं सर काय बोलले ते मी ऐकलंच नाही. घड्याळात बघितलं तर ती नेमकी बाबांच्या डब्याची वेळ होती.

त्या दिवशी बाबा घरी येईपर्यंत मी फाटकाशी उभी होते. ते आले, हातपाय धुतले, पाटावर बसले, तशी मी सुरू झाले. मी मुळात तोंडाची फटकळ, समजावून सांगणं मला कधी जमलं नाही.

"बाबा, तो तुमचा देव नाही. झाड आहे ते. उभं झाड. आणि ते पडणार आहे तुमच्या डोक्यावर."

बाबांचा घास हातातच राहिला. चुलीजवळून आई म्हणाली, "झाडात बी देव असतेच ना!" आता बोला.

"मले छत शिकवते का तू?" बाबा चिडले. "उभी जिंदगी गेली मायी. कवा खडा तरी पडला काय तिथून?"

"ठोकून बघितलंय कधी त्याला?"

बाबा माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी काही घाण बोलले. "देवाले रॉड लावते का कोणी?"

तेव्हा मला कळलं. खाणीतलं इंच न इंच छत ठोकून बघणारी ही माणसं. त्यात न ठोकलेली जागा फक्त एकच, आणि नेमकी तिथेच हे बोडक्या डोक्यानं डबा खात बसतात. मी म्हटलं, मॅनेजरला सांगा. बाबा म्हणाले, "मॅनेजर सायबानं सोता नारळ फोडला तिथी. जाय आता, जेवू दे मले."

पुढचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. उन्हाळा नुसता पेटला होता. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. बाबांची डब्याची वेळ झाली की माझा घास खाली उतरेना. मी ताट सारून उठायची आणि आई करवादायची, "काय मढं बसलं हाय का घरात, असं तोंड करून बसाले?" तिचंही बरोबर होतं. पण ती वेळ टळून बाबांच्या लुनाचा फटफट आवाज कोपऱ्यावर आला, की मगच मला दोन घास जायचे. बाबांशी मी रोज भांडायची. ते कानाडोळा करायचे. एकदा तर म्हणाले, "इतकी भीती वाटते तर दगड कायले शिकून राह्यली? शिवण शीक."

मग एका संध्याकाळी ते मोठ्या खुशीत आले. हातात जिलेबीचा पुडा. "ठोकला," म्हणाले.

"काय ठोकला?"

"देव. रॉड नाई लावला. सारे गेल्यावर, हे असं, हातानं." त्यांनी मूठ वळून हवेत टक् टक् केलं. "टणक हाय! असा वाजला जसा घंटा. आता तरी खाय सुखानं."

 मी पुन्हा पुन्हा म्हणत राहिले की तो अख्खा एकच दगड आहे, तो टणकच वाजणार, सुटलेली आहे ती कड. पण माझा आवाज मलाच बारीक वाटत होता. बाबांच्या कानापुढे सरांचा फळा काय करणार? मी जिलेबी खाल्ली. रडत रडत खाल्ली.

बाबांना पटलं ते त्यानंतर काही दिवसांनी, आणि माझ्यामुळे नाही. आमच्या घरासमोर कुल्फीचा हातठेला आला. आईनं तिघांसाठी घेतल्या. कुल्फीवाल्यानं बर्फातून पत्र्याचा साचा काढला आणि बाबांनी खोडीप्रमाणे त्याच्यावर पेरं आपटली. टणक. दगडासारखी गोठलेली. मग कुल्फीवाल्यानं साचा दोन तळव्यांत धरून थोडा फिरवला, उलटा केला, आणि कुल्फी सुळ्ळकन बशीत आली. आवाज नाही, काही नाही.

बाबा बशीकडे बघतच राहिले. "टणक होती ना व?" त्यांनी मला विचारलं.

"होती."

"मंग?"

मी माझी कुल्फी खात राहिले.  त्यांची कुल्फी बशीतच वितळून गेली.

दुसऱ्या दिवशी बाबांनी खाली जाऊन गँगला सांगितलं की देव स्वप्नात आला होता. देवाला आपलं उष्टं-खरकटं चालत नाही, त्याचा राग आहे, डब्याची जागा हलवायची. झाड, साल, बुंधा यातलं अक्षर काढलं नाही. "ते मानलेच नसते, मंग मी काय सांगू?" ते मला म्हणाले. "देवाची गोष्ट देवानंच सांगतली तर पटते." आणि खरंच पटलं. सगळ्यांनी कान धरले, नारळ फोडला आणि डब्याची जागा पलीकडच्या गल्लीत गेली, बाबांनी ठोकून दिलेल्या छताखाली. ऐकून मी इतकी हसले की पोटात दुखायला लागलं. किती दिवसांनी हसले होते!

त्यानंतरचे दिवस बरे गेले. संध्याकाळी अंगणात पाणी मारून आम्ही खाट टाकायचो, आणि बाबा विचारायचे. झाड होतं म्हणतेस, तर कसलं झाड? पान कसं? मी कॉलेजातून उसना आणलेला दगड दाखवला. त्यावर जिभेच्या आकाराचं लांब पान उठलेलं होतं, मधली शीर, बारीक जाळी, सगळं. बाबा म्हणाले, "अवं, हे तर मी रोजच पाह्यतो. छतात भरून हाय. मले वाटे दगडाले बुरशी लागली."

"मंग मेलं कशानं हे?" त्यांनी विचारलं.

मी शिकले होते ते सांगितलं. ही झाडं बुडून मेली, पण त्यांची पोरंबाळं पुढे कोट्यवधी वर्षं होती, सगळ्या देशभर होती. मग पार दूर, उत्तरेला, जमीन फाटली आणि लाव्हा वर आला. तो वर येताना कोळशाच्या थरांतून आला. कोळसा पेटला. त्याचा धूर हवेत गेला, हवा तापली, समुद्र तापला, पाणी नासलं. समुद्रातलं जवळजवळ सगळं मेलं, जमिनीवरचं बहुतेक मेलं. हे पानाचं झाडही त्यातच संपलं, कायमचं. आपल्याकडे कोळशाच्या वर लाल दगड लागतो ना, त्यात कोळशाचा एक थर नाही. नुसतं आपल्याकडेच नाही, त्यानंतर कोटभर वर्षं अख्ख्या पृथ्वीवर कुठेही कोळसा बनला नाही. कोळसा बनायला जंगल लागतं, आणि तेवढं जंगलच कुठे उरलं नव्हतं.

बाबा खाटेवर उठून बसले. लाल दगड त्यांना माहीत होता. खाणीचा उतार खाली जाताना आधी तोच लागायचा.

"तवा कोळसा कोण काढत होतं?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही. आपोआप जळला."

"आन आता?"

 पलीकडे वीज केंद्राच्या चिमण्यांचा धूर सरळ वर चालला होता. वारा नव्हताच. बाबांनी तिकडे बघितलं आणि मग स्वतःच्या हातांकडे बघितलं. नखांच्या कडेत कोळसा होताच, तो कधी निघायचाच नाही.

"पण परत आलं ना सारं?" ते म्हणाले. "तूच म्हणून राह्यली, बर्फ येते, जंगल येते, फिरून येते."

"आलं. पण ते नाही आलं, दुसरं आलं. सिरोंच्याकडे जंगलात दगड झालेली मोठी झाडं आहेत ना, ती त्यानंतरची. मोठमोठे प्राणीही होते तिथे, त्यांची हाडं निघतात. तेही गेले पुढे."

"तेही गेले," बाबा म्हणाले.

झालं! मी त्यांना डोक्यावरच्या एका दगडाची भीती दाखवायला गेले होते, आणि ते घेऊन बसले अख्ख्या पृथ्वीची. तेव्हापासून बाबांचं लक्ष उडालं. लू चालली की म्हणायचे, मागच्या साली इतकी नव्हती. पाऊस लांबला की माझ्याकडे बघायचे. विहिरीत मेलेला बेडूक दिसला तर मला हाक मारायचे, जशी मीच त्याचा पंचनामा करणार. आई म्हणायची, "काय भरवलं व तू त्याईच्या डोक्यात?" आणि खाणीतून येताना ते पानं आणायला लागले. छत ठोकताना पापुद्रा पडला आणि त्यावर पान दिसलं की डब्यात ठेवून आणायचे. रिकाम्या डब्यात दगड खडखडायचे. "पाह्य," म्हणायचे, "हे एक. हे बी गेलं."

मी हसण्यावारी नेलं. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. बाबा देवाखालून हलले होते ना, मग आणि काय हवं?

ईदला चाचांकडे आम्ही शीरखुर्म्याला गेलो. चाचा मोठ्या कौतुकानं मला म्हणाले, "बेटी, तेरे अब्बा तो हमारे पुजारी बन गये! रोज अकेले जाते हैं देव के पास."

मला आधी समजलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. देवाला राग आला असं बाबांनीच सांगितलं होतं, तर मग तो राग उतरवायचा कोणी? गँग म्हणाली, देव ज्याच्या स्वप्नात आला त्यानंच. आधी शनिवारचा शेंदूर होता, आता रोजचा. सगळे पलीकडे डबा उघडून बसले की बाबा एकटे त्या वळणावर जायचे, बूट काढायचे, हेल्मेट काढायचे, आणि त्या गोलाखाली उभं राहून हात वर करून शेंदूर लावायचे.

शीरखुर्म्याची वाटी माझ्या हातात होती, ती मी तशीच खाली ठेवली. रस्त्यात बाबांना काय काय बोलले ते आठवतं, पण लिहिणार नाही. लोक वळून बघत होते.

"मी नाई गेलो तर ते जातीन," बाबा एवढंच म्हणाले. "मी म्हणलं, देवाचा राग गेला, तर सारे परत तिथीच बसतीन. मी म्हणलं, झाड हाय, तर म्हणतीन, तू खोटं बोलला. मी जातो, लवकर लावतो, लवकर निंगतो. एकटाच असतो ना."

"एकटाच असता, म्हणून काय?"

"म्हणून एकटाच जाईन ना मी."

असं कोणी बोलतं का पोरीशी? मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. पुन्हा ती डब्याची वेळ, पुन्हा घास उतरेना. यावेळी आईसुद्धा ताट सारायची. घरात तिघं होतो आणि त्या वेळेला तिघंही उपाशी असायचो, कारण बाबाही तेव्हा जेवत नसायचे, शेंदूर लावत असायचे.

पावसाळा सरता सरता एका दुपारी भोंगा वाजला. शिफ्टचा नव्हे, मधलाच, लांबलचक. मी आणि आई तशाच निघालो, आईच्या पायात चप्पलसुद्धा नव्हती. खाणीच्या तोंडाशी बायका जमल्या होत्या. कोणी काही सांगेना. एवढंच कळलं की जुन्या मोठ्या गल्लीत पडलं.

जुनी मोठी गल्ली. वेळ कोणती ते मला कोणी सांगायची गरज नव्हती. मी मातीतच बसले. मला रडूही येईना. एकच डोक्यात होतं, हेल्मेट काढलं असेल, बूट काढले असतील. हेल्मेट असतं तरी त्या खोडापुढे काय होतं, हे मला माहीत होतं, तरी तेच तेच येत होतं, काढलं असेल, काढलं असेल.

माणसं उतारावरून वर यायला लागली. तोंडं काळी, सगळी सारखी. आई एकेकाचा चेहरा बघत होती. चाचा आले, त्यांनी नुसता हात केला, मागे. मागून बाबा आले. डोक्यावर हेल्मेट, पायात बूट. उजव्या हाताची बोटं शेंदरानं लाल आणि डाव्या हातात एक दगडाचा पापुद्रा, छातीशी धरलेला. आईनं त्यांना आधी धपाटा मारला आणि मग रडायला लागली.

मला त्यांनी घरी आल्यावर सांगितलं. ते निघाले होते शेंदूर घेऊन. वळणाच्या अलीकडे बाजूला एक पान दिसलं. लहान होतं, कोवळं, पूर्ण न उलगडलेलं. असलं आधी कधी दिसलं नव्हतं म्हणून ते थांबले आणि सुरीनं ते सोडवत बसले. सुटल्यावर वळून बघितलं तर हेल्मेटवरच्या दिव्याच्या उजेडात समोर नुसती धूळ, आणि गल्लीत उभा एक खांब, जिथे कधीच खांब नव्हता.

"थाम लावले होते ना बाजूनं?" मी विचारलं.

"थाम तसेच हाय. मधातून आला."  बाबांचा चहा बशीत सांडत होता. "थाम करकरले नाई. खडा गयला नाई. मी इतका जवळ होतो, मायी जिंदगी गेली ऐकण्यात, आन मले काई ऐकू नाई आलं व. काईच नाई."

मी त्यांना इतकं घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं. वाचल्याचा आनंद नव्हताच त्यांना. त्यानंतर ते कामावर गेले, रिटायर होईपर्यंत गेले, पण ठोकल्यावर स्वतःच्या कानावर त्यांचा विश्वास राहिला नाही. दोनदा ठोकायचे, तीनदा ठोकायचे. गँगची पोरं चिडायची. देव खाली आला म्हणून गँगनं त्या पडलेल्या खोडालाच शेंदूर लावला, आणि बाबांनी त्यांना भांडून भांडून तिथून हुसकलं.

आता बाबा माझ्याजवळ चंद्रपुरात राहतात. आई गेली. मी शाळेत भूगोल शिकवते, आणि मुलांना बर्फाचं सांगते, जंगलाचं सांगते, लाल दगडाचं सांगताना मात्र घाई करते. ते कोवळं पान टीव्हीजवळ ठेवलेलं आहे. माझी मुलगी त्याच्यावर बोट फिरवते आणि विचारते, हे कधी मोठं होईल?

या मे महिन्यातली गोष्ट. दुपारी लाईट गेली ती येईचना. कूलर बंद, भिंती हाताला भाजत होत्या. मुलीला ओल्या चादरीवर निजवलं होतं, ती तापलेल्या तोंडानं झोपेतच कण्हत होती. मी पुठ्ठ्यानं वारा घालत होते. बाबा कुठे गेले म्हणून बघितलं तर ते अंगणात, भर उन्हात उभे. मान वाकडी. मूठ वळलेली.

"बाबा, आत या! काय करून राह्यले तिथी? लू लागेल!"

त्यांनी हातानं मला गप्प केलं. वर आभाळ पांढरं फटक होतं. एक पाखरू नव्हतं. वीज केंद्राच्या चिमणीचा धूर जागच्या जागी उभा होता.

"ऐकून राह्यलो," ते म्हणाले.

"काय ऐकू येते?"

"काईच नाई," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज त्या दिवशी चहा सांडताना होता तसा होता. "तवाबी काईच ऐकू आलं नव्हतं, बाई."

मग ते आत आले. वाकून त्यांनी नातीला चादरीसकट उचललं, जसं डब्याची जागा हलवताना सगळ्यांचे डबे उचलले असतील तसं, आणि खोलीच्या मधोमध उभे राहिले. या कोपऱ्याकडे बघितलं, त्या कोपऱ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं. तिला कुठे ठेवावं ते त्यांना कळत नव्हतं. मलाही सांगता आलं नाही.